अर्ध्या मिनिटावर टाकलेली फुलं

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कुणाचे, असं कुणी विचारलं तर मी इक्बालभाई शेख हे नाव घेतो. आई-वडिलांचं नाव त्यानंतर. हे मी वडिलांनाही सांगितलं आहे. त्यांचं सगळं आयुष्य मेंढरांमागं गेलं. ते रागावले नाहीत. म्हणाले, "खरंच हाय की. आमी जल्म दिला, पर खुर्चीवर बसवलं त्या मानसानं."

सांगोला तालुक्यातल्या आमच्या वस्तीवरून मी बी.एस्सी.ला सोलापूरला आलो. घराण्यात कॉलेजात जाणारा पहिलाच. विषय कॉम्प्युटर, आणि वर्गात चौघांत मिळून एक कॉम्प्युटर. माझा हात कीबोर्डला लागेपर्यंत तास संपलेला असायचा. इक्बालभाईंचं विजापूर वेशीजवळ लग्नाच्या शूटिंगचं दुकान होतं. आत कॉम्प्युटरवर मिक्सिंग चालायचं आणि मी बाहेर उभा राहून काचेतून बघायचो. चौथ्या दिवशी आतून आवाज आला, "काय बे, रोज काय बघतो? आत ये. काच झिजवशील."

दुपारची नमाज आणि जेवण यासाठी ते घरी जात. तेवढा वेळ तो कॉम्प्युटर माझा. तीन वर्षं. माझी पदवी त्या दुपारच्या दोन-दोन तासांत झाली आहे, असं मी आजही मानतो.

हल्ली मी कार्यक्रमांचं थेट प्रक्षेपण करतो. लग्न, सत्कार, शाळेचं स्नेहसंमेलन, कुस्त्या, जे असेल ते. दिवाळी अंकाच्या संपादकांनी सांगितलं की तुमचं काम नेमकं काय ते साध्या माणसाला कळेल असं लिहा. प्रयत्न करतो.

हॉलमधून निघणारी इंटरनेटची लाइन बारीक असते. तिच्यातून चित्राची एकच प्रत बाहेर पाठवता येते. बघणारे मात्र तीनशे असतात, कुणी पुण्यात, कुणी दुबईत. म्हणून ती एक प्रत मी दूरच्या शहरातल्या एका मोठ्या कॉम्प्युटरकडं पाठवतो. त्याला सर्व्हर म्हणतात. तो माझा नाही, महिन्याच्या भाड्यानं घेतलेला आहे. तीनशे प्रती काढून तो तीनशे जणांना वाटतो. आमच्या वस्तीवर टँकर यायचा तो एकदाच टाकीत रिकामा व्हायचा आणि मग टाकीच्या नळांवर सगळी वस्ती भरून घ्यायची. तसंच हे. त्या सर्व्हरला मी कधी पाहिलेलं नाही. इथून काळ्या पडद्यावर अक्षरं टाईप करायची आणि त्यानं तिकडं ऐकायचं, एवढीच आमची ओळख.

गिऱ्हाइकांना हे पटत नाही. अकलूजचे एक बागायतदार मुलीच्या लग्नाचं ठरवायला आले. म्हणाले, "मशीन कुठाय? दाखवा की."

"साहेब, ते इथं नाही. भाड्याचं आहे, परगावी असतं."

"मालकानं मधीच खाली करा म्हटलं तर?"

"तसं होत नाही. महिना संपला की मात्र आतलं सगळं पुसून टाकतात. आपण आधी उतरवून घ्यायचं."

"म्हंजी आमची पोरगी भाड्याच्या घरात लग्न करणार म्हणा," असं म्हणून ते हसत गेले. काम मात्र देऊन गेले.

दुसरी गोष्ट उशिराची. 'थेट' म्हणतात, पण चित्र थेट नसतं. सर्व्हर चित्राचे तुकडे करतो, चार-पाच तुकडे साठवतो आणि मग पुढं सोडतो. त्यामुळं हॉलमध्ये घडलेलं दुबईला अर्ध्या मिनिटानं दिसतं. सांगोल्याच्या एका मेंढपाळाचा नामांकित मेंढा कर्नाटकातल्या एका गिऱ्हाइकाला असाच दाखवायचा होता. गिऱ्हाईक फोनवर म्हणायचं, "फिरवा त्याला." मालक मेंढा फिरवायचा. तिकडं तो फिरलेला दिसायला अर्धं मिनिट. तोवर पुन्हा, "फिरवा की हो." मालक पुन्हा फिरवायचा. पाचव्या फेरीला मेंढा वैतागला आणि कॅमेऱ्यावरच चाल करून आला. अर्ध्या मिनिटानं गिऱ्हाईक फोनवर ओरडलं, "बाजूला व्हा." तोवर आम्ही स्टँड उचलून झाडायलाही लागलो होतो.

या अर्ध्या मिनिटाला माझ्या धंद्यातले लोक शिव्या देतात. मी त्याचा उपयोग करायला शिकलो, आणि त्याचा मला फार अभिमान होता.

त्याचं मूळ पुन्हा इक्बालभाईंच्या दुकानात आहे. मिक्सिंग शिकवताना त्यांनी मला पहिल्याच आठवड्यात एक नियम सांगितला होता. "बिरू, लग्नाच्या कॅसेटमध्ये कुणी पडत नाही, कुणी रुसत नाही, कुणी भांडत नाही. तसं काही आलं की काप आणि फूल टाक." त्यांच्याकडं गुलाबांची एक क्लिप होती. दव पडलेले लाल गुलाब, हळूहळू उमलणारे, मागं बासरी. नवरदेव घोड्यावरून घसरला, फूल. विहीण तोंड फिरवून बसली, फूल. सोलापुरातल्या निम्म्या घरांतल्या कॅसेटमध्ये ते गुलाब सापडतील. माणसांना आपला दिवस चांगला आठवायचा असतो, तो तसा आठवू द्यावा, असं त्यांचं म्हणणं होतं. मला ते तेव्हा पटलं होतं.

वळसंगच्या एका लग्नात नवरीच्या मामानं बँडवाल्याच्या कानाखाली वाजवली आणि ती माझ्या कॅमेऱ्यातून सगळीकडं गेली. मांडवाच्या मागच्या बाजूला बसलेल्या नवरीच्या बापाला ती बातमी पुण्याच्या पाहुण्यांनी फोनवरून दिली. त्यानंतर मी सर्व्हरवर एक सोय करून घेतली. माझ्यासमोर एक बटण. ते दाबलं की सर्व्हरकडं साठलेलं अर्धं मिनिट फेकून दिलं जायचं आणि लोकांना गुलाब दिसायचे. वाईट काही घडलं तर अर्ध्या मिनिटाच्या आत मी ते घडलंच नाही असं करू शकत होतो. ती क्लिप मी इक्बालभाईंकडून मागून आणली होती. बटण दाखवलं तेव्हा ते कितीतरी वेळ बघत राहिले. मग शेजारच्या चहावाल्याला हाक मारून म्हणाले, "आमच्या बिरूनं वेळ मागं घेतला, बघून जा."

मागच्या उन्हाळ्यात शहरातल्या शूटिंगवाल्यांनी इक्बालभाईंचा सत्कार ठेवला. दुकान त्यांनी आता बंद केलेलं. प्रक्षेपणाचं काम अर्थातच माझं. त्यांची एकुलती एक मुलगी शबाना पुण्यात एका दवाखान्यात नर्स आहे. मी दुकानात जायला लागलो तेव्हा ती शाळेत होती, मला बिरूभाई म्हणते. तिला रजा मिळाली नव्हती. सकाळीच फोन आला, "बिरूभाई, सुटीच्या वेळात मोबाईलवर बघणार आहे. अब्बा बोलतील तेवढं तरी नीट दाखव."

"तेवढं म्हणजे? सगळंच नीट दाखवतो."

हॉलच्या कोपऱ्यात माझं टेबल होतं. डाव्या हाताला छोटा पडदा, त्यात कॅमेऱ्यानं धरलेला इक्बालभाईंचा चेहरा. उजव्या हाताला सर्व्हरचा पडदा, त्यात लाइनच्या वेगाचा आकडा. आमच्या धंद्यात नजर त्या आकड्यावर असते. तो खाली आला की चित्र अडकतं. त्या दिवशी तो हलतही नव्हता. मी खूश होतो.

इक्बालभाई बोलायला उठले. शाल, फेटा, हातात माईक. "आयुष्यभर लोकांना म्हणालो, इकडं बघा, हसा. आज मला कुणी सांगायला नाही, तर कळेना कुठं बघू." लोक हसले. मग ते जुन्या गोष्टी सांगू लागले. मी आकडा बघत होतो, कान अर्धे तिकडं.

मग लोकांचा आवाज बदलला. वर पाहिलं तर इक्बालभाई उजवीकडं कलत होते, आणि कुणी धरायच्या आत ते टेबलावर आणि तिथून खाली गेले. फेटा घरंगळत व्यासपीठाच्या कडेला आला.

मी बटण दाबलं.

हे मला आजही खरं वाटत नाही. ज्यानं मला माणसात आणलं तो माणूस समोर पडला, आणि माझा हात आधी बटणाकडं गेला, पाय नंतर हलले.

व्यासपीठावर जो तो आपला उपाय सांगत होता. "उन्हाचं झालं, बाजूला व्हा." "साखर आणा." "सकाळपासून उपाशी असतील." त्यांना सोफ्यावर बसवलं, तोंडाला पाणी लावलं. ते पाणी ओठाच्या कडेनं खाली आलं. ते मी पाहिलं आणि रुमालानं पुसलं. पाच-दहा मिनिटांनी त्यांनी डोळे उघडले आणि डावा हात वर करून ठीक आहे असं दाखवलं. सगळ्यांना हायसं वाटलं.

तेवढ्यात खिशातला फोन वाजला.

"बिरूभाई, हे फूल काय लागलंय? अब्बा बोलत होते ना?"

"लाइन गेलीय गं. येईल आत्ता."

"अब्बा बरे आहेत ना?"

मी समोर पाहिलं. ते सोफ्यावर पुन्हा डोळे मिटून बसले होते. एवढ्या लांब असलेल्या मुलीचा जीव कशाला घाबरवायचा, असं मला वाटलं. खरंच तेवढंच वाटलं.

"बरे आहेत. चहा घेतायत."

"मग ठीक. माझी सुटी संपली. वॉर्डात फोन नेता येत नाही. नंतर बघते."

इक्बालभाईंना रिक्षातून घरी नेलं. थकलेत, झोपू द्या, असं ठरलं. ते झोपले. संध्याकाळी त्यांच्या पत्नी, आमच्या भाभी, उठवायला गेल्या तेव्हा त्यांचा उजवा हात उचलत नव्हता आणि तोंडातून शब्द येत नव्हता. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "हे कधी सुरू झालं?" मी म्हणालो, "साडेअकराला." त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडं पाहिलं. मग म्हणाले, मेंदूत रक्ताची गाठ आहे. ती विरघळवायचं औषध असतं, पण ते पहिल्या चार-साडेचार तासांत द्यावं लागतं. दिलं असतं तर पूर्ण बरे झाले असते असं नाही. पण संधी होती.

शबाना पहाटे पोचली. वडिलांचा चेहरा पाहिला आणि लगेच म्हणाली, "हे तर कुणालाही दिसलं असतं." कुणालाही म्हणजे तिच्या कामातल्या कुणालाही, असं तिला म्हणायचं होतं. तिच्या दवाखान्यात असे रोगी रोज येतात. मग माझ्याकडं वळून म्हणाली, "नेमकी तेव्हाच लाइन जायची होती. मला एक मिनिट जरी दिसलं असतं ना बिरूभाई, मी फोनवरून ओरडून त्यांना दवाखान्यात पाठवलं असतं."

मी औषधांची चिठ्ठी उचलली आणि दुकान शोधायला बाहेर पडलो.

पुढचे तीन आठवडे मी रोज त्यांच्याकडं जात होतो. इक्बालभाई घरी आले होते. आता ते बोलत नाहीत. 'अं' एवढाच आवाज निघतो. कुणी भेटायला आलं की ते माझ्याकडं बोट दाखवत आणि मग हात आडवा करून तोडल्याची खूण करत. भाभी अर्थ सांगत, "म्हणतात, पोराची लाइन तुटली त्या दिवशी, त्याला बिचाऱ्याला वाईट वाटतंय." पाहुणे माझ्याकडं दयेनं बघत. मी चहाचा कप खाली ठेवून निघून येई.

एके दिवशी शबानानं विचारलं, "त्या दिवसाचं रेकॉर्डिंग असेल ना? लाइन जायच्या आधीचं? अब्बांचा आवाज हवाय. आता तो दुसरीकडं कुठं नाही. सगळ्या गावाचे आवाज त्यांनी भरून ठेवले, स्वतःचा ठेवलाच नाही."

"भाड्याचं मशीन गं," मी म्हणालो. "पुसलं जातं."

ते अजून पुसलं गेलेलं नव्हतं. महिना संपायला दोन दिवस होते. माझ्याकडून निघणारी प्रत सर्व्हरवर जशीच्या तशी साठते. बटणाचा तिच्यावर परिणाम होत नाही. बघणाऱ्यांना गुलाब दिसत असतानाही ते मशीन तिकडं खरं चित्र भरून घेत होतं. मुदत संपत आल्याची सूचना मला येऊन पडली होती. मला काहीच करायचं नव्हतं. फक्त दोन दिवस गप्प बसायचं होतं. मग ते मशीन दुसऱ्या कुणाचं झालं असतं, आणि मी काय केलं हे सांगणारं जगात काही उरलं नसतं. मी पदवीधर माणूस, असा विचार करू शकतो, याचाच मला धक्का बसला. पण विचार मी केला. दीड दिवस केला.

शेवटच्या दिवशी दुपारी मी ते उतरवून घेतलं आणि दार लावून बघायला बसलो.

पडायच्या आधी सात मिनिटं त्यांच्या उजव्या खांद्यावरून शाल सरकली. त्यांनी ती सावरली नाही. चार मिनिटं आधी माईक उजव्या हातातून डाव्या हातात गेला. तीन मिनिटं आधी एकच शब्द त्यांनी दोनदा घेतला, आणि अगदी शेवटच्या अर्ध्या मिनिटात ओठांची उजवी बाजू खाली ओघळली. इतकी स्पष्ट, की मी पडद्याला हात लावून पाहिला. हा चेहरा माझ्या डाव्या हाताला वीतभर अंतरावर होता. मी उजवीकडचा आकडा बघत होतो.

आणि त्याच अर्ध्या मिनिटात ते थेट कॅमेऱ्यात बघून बोलले होते. हॉलमध्ये टाळ्या चालू होत्या म्हणून ते कुणाला नीट ऐकू आलं नव्हतं. माईकला ऐकू आलं होतं. ते अर्धं मिनिट सर्व्हरकडं साठलेलं होतं, पुढं सुटायच्या वाटेवर. बटण दाबलं तेव्हा मी नुसतं त्यांचं पडणं लपवलं असं समजत होतो. मी त्याच्या आधीचंही फेकून दिलं होतं.

मी तसाच शबानाला फोन लावला आणि सगळं सांगितलं. बटण, लाइन, चहा, पुसलं जातं म्हणालो ते. ती शेवटपर्यंत ऐकत होती. मग म्हणाली, "हे मला सांगून मोकळा होऊ नकोस. अब्बांना सांग. ते सगळ्या गावाला तुझी बाजू सांगत बसलेत."

समोर बसून सांगायचं धैर्य मला झालं नाही. इक्बालभाई उर्दू शाळेत शिकलेले, पण मराठी सावकाश वाचतात. म्हणून मोठ्या अक्षरांत पत्र लिहिलं. गुलाबांची क्लिप मी सर्व्हरवरून काढून टाकली आहे. आता कार्यक्रमात काही झालं तर मी घरच्या एका माणसाला फोन करून जे दिसतंय ते सांगतो. काही गिऱ्हाइकं नाराज होतात. पत्रानंतर काय झालं ते सांगण्याचा हक्क त्या घराचा आहे. पत्र छापायला शबानानं परवानगी दिली.

आदरणीय इक्बालभाई,

सलाम. त्या दिवशी लाइन गेली नव्हती. तुम्ही पडलात आणि मी फूल टाकलं. शबानाचा फोन आला तेव्हा तुम्ही बरे आहात, चहा घेताय, असं मी तिला सांगितलं. खरं सांगितलं असतं तर तुम्हाला तेव्हाच दवाखान्यात नेलं असतं. कदाचित तुम्ही आज बोलत असता. डॉक्टर कदाचित म्हणतात म्हणून मीही कदाचित लिहितो, पण रोज सकाळी उठल्यावर मला तो शब्द आठवत नाही, बाकीचं आठवतं.

तुम्ही शिकवलंत म्हणून मी तसं केलं, असं मी म्हणणार नाही. तुमच्या कॅसेट लोक वर्षानं बघायचे, तोवर पडलेला माणूस उठून घरी गेलेला असायचा. मी त्याच मिनिटाला दाखवत होतो. हा फरक कळण्याएवढं शिक्षण तुम्हीच मला दिलं होतं. तो कळायला हवा होता.

लोकांना माझी बाजू सांगू नका. मला ते ऐकवत नाही.

सोबत पेनड्राइव्ह आहे. त्यात तुमचं पूर्ण भाषण आहे, कुठंही न कापलेलं. बघायचं की नाही ते तुम्ही ठरवा. शबानाला मी ते अजून दिलेलं नाही, कारण त्याच्या शेवटी तुम्ही तिच्याशी बोलला आहात आणि ते तिच्यापर्यंत पोचलं नाही हे तुम्हाला माहीत नाही. जीभ थोडी जड झाली होती, तरी मी पुन्हा पुन्हा ऐकून तुमचं बोलणं जसंच्या तसं लिहून देतो:

"शबाना, बेटा, देख रही है ना? तेरा बाप आज पहली बार कॅमेरे के इस तरफ है. अच्छा दिखरा क्या, बोल."

तिला याचं उत्तर द्यायचं आहे, भाई. मी मधे आलो. हा कागद तुम्ही स्वतः तिच्या हातात द्या.

तुमचा,
बिरू